आधी मालवायला शिका: गिरगावातल्या तीन गॅसबत्त्यांचं प्रकरण

गोणपाटातून तीन गॅसबत्त्या निघाल्या तेव्हा चाळीतल्या निम्म्या मंडळींना त्या मोडीत घालायच्या होत्या. उरलेल्यांना आत एलईडी बसवून गणपतीत टांगायच्या होत्या. माझं मत तिसरंच होतं आणि माझ्या बाजूला कुणी नव्हतं. मला त्या पेटलेल्या बघायच्या होत्या, आणि त्या चाळीतल्या पोरांनी पेटवाव्यात असं वाटत होतं.

जागा गिरगावातली, तीन मजली चाळ, मधे चौक. पुनर्विकासाच्या करारावर सह्या झाल्या होत्या, त्यामुळे जो तो पोटमाळा उपसत होता. बत्त्या निघाल्या उत्सव मंडळाच्या सामानात, फाटक्या कनाती आणि लेझमांच्या मधे. मी आयटीआयमध्ये तीस वर्षं फिटर ट्रेडला शिकवून निवृत्त झालेला माणूस. हातात पितळ आलं की मला गप्प बसवत नाही. मार्चअखेर परीक्षा संपल्यापासून मे महिना सरेपर्यंत दर रविवारी संध्याकाळी आम्ही चौकात बसलो. त्याची ही हकिगत. मी जे ठरवून गेलो होतो त्यातलं फारसं काही चाललं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

हातात काय होतं

दोन बत्त्या जर्मन, टाकीवर पेट्रोमॅक्सचा छाप, निकेल जागोजाग उडून खालचं पितळ दिसणारं. तिसरी देशी नक्कल, तिचं नाव घासून घासून गेलेलं. बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्झ कंपनीच्या मॅक्स ग्रेट्झनं १९१० च्या सुमारास हा दिवा आणला. पेट्रोलियममधलं ‘पेट्रो’ आणि स्वतःच्या नावातलं ‘मॅक्स’ जोडून त्याचं नाव झालं. आपल्याकडे हे नाव इतकं रुळलं की कुठल्याही कारखान्याची बत्ती लोकांच्या तोंडी पेट्रोमॅक्सच.

रॉकेलवर चालणाऱ्या दिव्याला गॅसबत्ती का म्हणायचं, हा पोरांचा पहिला प्रश्न होता आणि तो चांगला होता. मला त्याची दोन उत्तरं सुचतात. एक म्हणजे हिच्यातली जाळी, तापून उजेड देणारी छोटी पिशवी, आली खऱ्याखुऱ्या गॅसच्या दिव्यांतून. मुंबईत रस्त्यावर गॅसचे दिवे १८६५ च्या ऑक्टोबरात लागले, त्यात भेंडीबाजारही होता. पुढे १८८५ मध्ये ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखनं जाळीचं पेटंट घेतलं आणि तसल्या दिव्यांचा उजेड पालटला. दुसरं उत्तर बत्तीच्या पोटात आहे. टाकीत पंपानं हवा भरली की रॉकेल नळीतून वर चढतं. नळी तापलेली असते, त्यामुळे रॉकेलची तिथेच वाफ होते. ही वाफ निपलच्या, म्हणजे नळीच्या टोकावरच्या बारीक तोटीच्या, भोकातून फवाऱ्यासारखी सुटते, जाताना आजूबाजूची हवा ओढून घेते आणि जाळीच्या आत जळते. म्हणजे जळतो तो गॅसच. निपलचं भोक मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास असतं. त्यात काजळीचा एक कण बसला की सगळा कारभार ठप्प.

टाकीत साधारण लिटरभर रॉकेल मावतं, त्यावर ती आठेक तास चालते. ‘५०० कँडल पॉवर’ हा आकडा कारखान्याचा. प्रत्यक्षात उजेड त्याहून कमीच पडतो. पण अंधाऱ्या चौकात आकड्याशी हुज्जत घालावीशी वाटत नाही.

तिघींची तब्येत वेगवेगळी होती. पहिलीचा पंप हवा धरत नव्हता, कारण आतला चामड्याचा वॉशर वाळून पापड झाला होता. दुसरी हवा धरायची, पण निपल चोंदलेला आणि तो साफ करणारी आतली पिन मोडलेली. तिसरीच्या टाकीचा तळाचा सांधा गळत होता.

फसलेला रविवार

पहिल्या रविवारसाठी मी जय्यत तयारी केली. शनिवारी रात्रभर बसून पहिली बत्ती दुरुस्त केली, नवी जाळी बांधली, काच पुसली. रविवारी सात वाजता चौकातले दिवे बंद करायला लावले आणि अकरा पोरांसमोर बत्ती पेटवली. पेटलीही झकास. सूं सूं असा तो आवाज, गॅलऱ्यांच्या कठड्यांच्या लांब सावल्या, वरच्या मजल्यांवरून ‘वा वा’.

अकरा मोबाइल वर झाले. सात मिनिटांनी एकानं विचारलं, “काका, अजून काय करते ही?”

मग वडीलधाऱ्यांची पाळी आली. वरातीत डोक्यावर बत्त्या घेऊन चालणारी माणसं, गावच्या जत्रा, बत्तीखाली केलेला अभ्यास. आठवणी खऱ्या होत्या आणि ऐकायला मलाही गोड वाटल्या. पण ‘आमच्या वेळी’ या दोन शब्दांनी पोरं जितक्या वेगानं पांगतात तितकी शिट्टी मारूनही पांगत नाहीत. पुढच्या रविवारी तिघं आली. त्यातल्या एकाला आईनं ढकललं होतं.

त्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मला गॅलरीतून हाक मारली. त्या मूळच्या सिंधुदुर्गातल्या. रात्रभराचा दशावतार बत्तीच्या उजेडात पाहिलेल्या. ऐन रंगात आलेला राक्षस रंगमंचावर गर्जतोय आणि कडेला बत्तीवाला पंप मारतोय, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलंय की मला ते पाहिल्यासारखं वाटतं. त्या म्हणाल्या, “सगळा तुम्हीच करून आणल्यात, मगे पोरांनी काय करूचा?”

तीस वर्षं शिकवून ही गोष्ट मला दुसऱ्या कुणी सांगावी लागली. वर्कशॉपमध्ये मी कधी पोरांना तयार जॉब दाखवून टाळ्या घेतल्या नव्हत्या. तिथे लोखंडाचा ओबडधोबड तुकडा हातात द्यायचा आणि कानस दाखवायची, इतकाच शिरस्ता. निवृत्तीनंतर मात्र मी जादूचे प्रयोग करायला निघालो होतो.

दुरुस्ती उलटी केली

मी घरी आलो, पहिल्या बत्तीतला नवा वॉशर काढला आणि जुना वाळका परत बसवला. बायकोनं विचारलं काय करताय, तर म्हटलं बिघडवतोय.

दुसऱ्या रविवारी आलेल्या तिघांसमोर ती बंद बत्ती ठेवली आणि म्हटलं, हिला काय झालंय ते सांगा. पंपाचा दांडा वरखाली करून बघितला तर तो नुसता घसरत होता, आतून काही अडत नव्हतं. सातवीतली एक मुलगी, बारा वर्षांची, तिनं पंप नळकांड्यातून ओढून काढला आणि चामड्याचा वाळका तुकडा बोटांत धरून म्हणाली, “हे सुकलंय. सायकलच्या पंपात रबर असतं तसं असायला हवं ना?” पाच मिनिटांत रोगाचं निदान झालं. शनिवारी मला अर्धा तास लागला होता. मी आधी नको तिथे शोधत बसलो होतो.

नवा वॉशर आणायला सतरा वर्षांचा एक मुलगा नागदेवी स्ट्रीटला गेला आणि मापानं किंचित मोठा घेऊन आला. तो आत शिरेना. तेव्हा वरून आजींचा सल्ला आला: जुनाच खोबरेलात रात्रभर बुडवा, स्टोच्या वॉशरला हेच करायचे. दुसऱ्या दिवशी चामडं मऊ पडलं होतं. त्याची कड बोटांनी बाहेरच्या बाजूला पसरवली, वाटीच्या काठासारखी. पंप बसवला, दांडा ढकलला आणि हवेचा धक्का हाताला लागला. मुलगी दचकली, मग हसली, मग तिनं तो धक्का बाकी दोघांना घ्यायला लावला. त्या दिवशी बत्ती पेटली नाही. पेटवायची आठवणही कुणाला झाली नाही.

तिसऱ्या रविवारी सात जण आले. एक बत्ती दोघा-तिघांकडे, असं वाटून दिलं. माझं काम इतकंच ठेवलं की विचारल्याशिवाय बोलायचं नाही. ते मला अजूनही जमत नाही.

मालवणं

पेटवण्याआधी बंद करणं शिकायचं, हा माझा वर्कशॉपमधला नियम. लेथवर पहिल्या दिवशी आधी स्विच बंद करायला शिकवतो तसा. मी पोरांना म्हटलं, आज फक्त विझवायला शिकायचं. लगेच वरून आवाज आला: “विझवणं म्हणू नये हो. दिवा मालवतात.” आम्ही शब्द बदलला आणि तो आमच्यात रुळला.

बत्ती मालवण्याची कळ टाकीच्या झाकणावरच्या हवेच्या स्क्रूत आहे. तो सैल केला की फुस्स करून हवा जाते, रॉकेल वर चढायचं थांबतं आणि दिवा बसतो. फिरकी, निपल, सुई यांची भानगड नंतर. थंड, रिकाम्या बत्तीत फक्त हवा भरून मी प्रत्येकाकडून वीस-वीस वेळा हे करून घेतलं. मी “मालव!” म्हणायचं आणि हात सरळ स्क्रूवर गेला पाहिजे. काचेवर नाही, टोपीवर नाही. पेटल्यावर या दोन्ही जागा भाजतात, आणि घाबरलेला हात नेमका तिथेच जातो. पोरं कुरकुरली. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलानं तर तोंडावर सांगितलं की हे बालवाडीचं आहे.

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात मी केलेलं एकमेव शहाणपणाचं काम हे. पोरांना भीती वाटू नये यासाठी आपण फार झटतो. बत्तीची भीती वाटायलाच हवी, फक्त तिला एक ठरलेली जागा हवी आणि त्या जागेपर्यंत पोचायची हाताला सवय हवी.

नियमही तेव्हाच ठरले. सोळाच्या खालच्यांनी स्पिरिट, पंप आणि पेटवणं यांना हात लावायचा नाही. खोलणं, साफ करणं, थंड बत्तीला जाळी बांधणं आणि वही लिहिणं त्यांच्याकडे. अंगात सुती कपडे, केस बांधलेले, ओढणी नाही. वाळूच्या दोन बादल्या शेजारी. चौकाबाहेर पेटवायची नाही, बंद खोलीत तर कधीच नाही, कारण जळताना कार्बन मोनॉक्साइड निघू शकतो आणि त्याला वास नसतो. प्रत्येक वेळी वहीत नोंद.

धाकट्यांसाठी आजींनी आपला प्रभाकर कंदील खाली पाठवला, कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा. कात्रीनं वात सरळ कातरायची, काच राखेनं पुसायची, वात फार वर केली की काजळी धरते. कंदिलाचं गणित साधं असल्यानं बत्तीत नेमकं काय वेगळं आहे ते त्यांना चटकन कळलं: कंदिलात ज्योतच उजेड देते, बत्तीत ज्योत निळसर असते आणि उजेड जाळी देते.

रॉकेल, मेंटल आणि ट्रॉम्बे

पहिल्या रविवारपुरतं होतं ते रॉकेल संपलं, आणि पुढचं मिळवणं हा स्वतंत्र अध्याय झाला. चाळीत घरोघरी गॅस आल्याला जमाना लोटला. रेशनवरचं निळं रॉकेल कुणाच्याच वाट्याचं नाही आणि ते घेणं बरोबरही नव्हतं. खुल्या बाजारातलं पांढरं रॉकेल विकणारा परवानाधारक शोधण्यात दोन आठवडे गेले. त्या दोन आठवड्यांत डिप्लोमावाल्यानं विचारलं की पेट्रोलमध्ये थिनर घालून का चालणार नाही. त्याला ओरडायचं मी टाळलं आणि आकडे दिले. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीनं वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, आपल्या मानकानुसार किमान ३५ अंश, पेट्रोलचा शून्याखाली चाळीसच्या आसपास. म्हणजे मुंबईच्या कुठल्याही हवेत पेट्रोलच्या पृष्ठभागावर पेटण्याइतकी वाफ कायम तयार असते. आता टाकीत हवेचा दाब, वर तापलेली नळी आणि खाली पेट्रोल, असं चित्र काढ म्हटलं. त्यानं ते वहीत खरोखर काढलं आणि खाली लिहिलं, ‘बॉम्ब’. यानंतर तो प्रश्न कुणी विचारला नाही.

सुट्या भागांसाठी आम्ही चोरबाजारात गेलो, मटण स्ट्रीटच्या आसपास. तिथे काचेमागे चकाकणाऱ्या बत्त्या भरपूर, पण त्या शोभेच्या. कामाची वस्तू मिळाली ती जवळच्या गल्लीतल्या स्टो दुरुस्तीच्या एका अंधाऱ्या दुकानात. दुकानदारानं पोरांना विचारलं, “मेंटल पाहिजे?” आणि सगळी खिदळायला लागली. जाळीला इंग्रजीत मँटल म्हणतात, त्याचं बाजारात मेंटल झालंय, त्यामुळे आमच्यात ‘कोण मेंटल बांधणार?’ हा विनोद मे संपेपर्यंत पुरला. पिन मिळाली. निपल चुकीचा आला, तो बदलायला पुन्हा खेप.

जाळी हे या दिव्यातलं सगळ्यात सुंदर प्रकरण आहे, इथे मी थोडा रेंगाळणार. हातात येते ती मऊ, पांढरी, सुताची पिशवी. थोरियम आणि सेरियमच्या क्षारांत भिजवून वाळवलेली. पहिल्यांदा पेटवली की ती काळी पडते, सूत जळून जातं, पिशवी आक्रसते आणि मागे उरतो तो पिशवीच्याच आकाराचा राखेचा सांगाडा. हीच राख नंतर तापून पांढरी लखलखते. वेल्सबाखला योग्य प्रमाण सापडायला १८९१ उजाडलं: ९९ भाग थोरियमचा ऑक्साइड, एक भाग सेरियमचा. तो एक भाग काढला तर उजेड अगदीच फिका पडतो. एकदा जळलेल्या जाळीला बोट लागलं तरी ती ढासळते. बत्ती हलवताना श्वास धरून चालतात ते त्यासाठी. सतरा वर्षांच्या मुलानं पहिल्याच दिवशी दोन जाळ्या मोडल्या. तिसरी त्यानं अशी नेली की मागून कुणी म्हणालं, पालखी आहे का?

सातवीतल्या मुलीनं थोरियम हा शब्द ऐकून विचारलं, “म्हणजे किरणोत्सारी?” हो. सौम्य, पण किरणोत्सारी. म्हणून जाळी मोडली तर फुंकर मारायची नाही, ओल्या कागदानं टिपून पिशवीत बांधायची, हात धुवायचे, आणि नवी जाळी पहिल्यांदा जळताना धुरापासून लांब राहायचं. काही देशांत आता थोरियमऐवजी यिट्रियम वापरतात. हे सांगून झाल्यावर मी ट्रॉम्बेचं सांगितलं. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत थोरियम असतं, हे १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या लक्षात आलं. केरळातून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूवरून त्याला माग लागला असं सांगतात. ती वाळू मग जाळ्यांच्या धंद्यासाठी परदेशी जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये ट्रॉम्बेला थोरियमचा कारखाना सुरू झाला आणि तिथलं थोरियम नायट्रेट जाळ्या करणाऱ्यांकडे जाऊ लागलं. अणुशक्तीसाठी ज्याचं नाव ऐकतो ते ट्रॉम्बे आणि वरातीच्या बत्त्या यांचा असा संबंध आहे, हे पोरांना माझ्या बाकी सगळ्या इतिहासाहून जास्त आवडलं. बसमधून दिसतो तो भाग, त्यामुळे असेल.

चौथ्या नव्हे, सहाव्या रविवारची आग

मी मनाशी पहिला दिवा चौथ्या रविवारी धरला होता. रॉकेलपायी तो सहाव्यावर गेला, आणि तोवर पोरांचा धीर सुटला होता.

पेटवायचा मान डिप्लोमावाल्याचा. नळीखालच्या वाटीत स्पिरिट ओतून ते जळू द्यायचं, नळी तापली की मग पंप. जुन्या स्टोला काकडा लावायचे तेच तत्त्व. (जुना काकडा घरात सापडला तर मात्र त्याच्याशी खेळू नये, त्यात ॲस्बेस्टॉसची दोरी असायची.) एका वाटीनं भागत नाही, दोन लागतात. त्यानं पहिली वाटी पुरी जळायच्या आत पंप सुरू केला. नळी कोमट, रॉकेलची वाफ झालीच नाही, ते पातळच वर आलं आणि जाळीतून हातभर पिवळ्या ज्वाळा भडकल्या. काळा धूर. गॅलऱ्यांतून आरडाओरडा.

तो जागच्या जागी थिजला. त्याच्या शेजारच्या कॉलेजच्या मुलीचा हात मात्र स्क्रूवर गेला. फुस्स. ज्वाळा खाली बसायला लागल्या. तेवढ्यात तळमजल्यावरचे एक काका पाण्याची भरलेली बादली घेऊन धावत आले, आणि मी आयुष्यात क्वचितच इतक्या जोरात ओरडलो असेन. पेटत्या रॉकेलवर पाणी पडलं तर रॉकेल पाण्यावर तरंगत पसरतं आणि सोबत आग नेतं. काका थांबले. अर्ध्या मिनिटात सगळं शांत झालं. वाळू लागली नाही. नुकसान: एक जाळी, तडकलेली काच, काजळलेली टोपी आणि माझा तोरा.

मुलीला नंतर विचारलं, काय डोक्यात आलं? ती म्हणाली, “काहीच नाही आलं. हात गेला.”

डिप्लोमावाला पुढच्या रविवारी येणार नाही असं मी धरून चाललो होतो. तो आला, आणि सगळ्यांच्या आधी येऊन एकटाच थंड बत्तीवर हवा भरून सोडत बसला होता. बालवाडी, म्हटलं. “हो सर,” म्हणाला. तोवर तो मला काका म्हणायचा.

मधल्या आठवड्यात सोसायटीची सभा झाली. सेक्रेटरींचं म्हणणं होतं की लाकडी जिन्याच्या चाळीत रॉकेल आणि आग हा वेडेपणा आहे. मला त्यात खोडण्यासारखं काही दिसलं नाही. मी त्यांच्या अटी तशाच मान्य केल्या आणि एक आपल्याकडून घातली: इमारतीत रॉकेल ठेवायचं नाही. दोन लिटरचा लोखंडी डबा चौकातल्या कुलूपबंद पेटीत, किल्ली सेक्रेटरींकडे. अग्निशामक सिलिंडरही त्यांनीच मिळवला. एका सभासदानं माझी बाजू घेताना सांगितलं की १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, तेव्हा अशा बत्त्या उपयोगी पडल्या असत्या. मी त्यांना गप्प बसायची खूण केली. वीज सकाळी गेली होती, आणि रात्री गेली असती तरी घरात बत्ती लावणं धोक्याचंच. मोबाइलचा टॉर्च पुरतो. उपयोगाच्या नावाखाली पोरांना हे विकायला गेलं की ती दोन मिनिटांत खोटं पकडतात.

मे महिना आणि एक भोक

सातव्या रविवारी पहिली बत्ती पोरांच्या हातून नीट पेटली. टाळ्या फारशा वाजल्या नाहीत, सगळी निपलकडे बघत होती. सतरा वर्षांचा मुलगा टाकीची सावली बघून म्हणाला, “दिव्याखाली अंधार, खरंच असतो की!” दुसरी बत्ती पुढच्या आठवड्यात पेटली.

तिसरीची टाकी रिकामी करून, हवा भरून पाण्याच्या बादलीत बुडवली तर तळातून बुडबुड्यांची माळ निघाली. सोल्डर मारू, एम-सील लावू, असे प्रस्ताव आले. मी नाही म्हटलं. ज्या टाकीत रॉकेलची वाफ राहिली असू शकते तिच्यावर आच धरायची नाही, आणि दाबाच्या सांध्याला लांबी फासायची नाही. ही बत्ती पेटणार नाही, हे पोरांना पटवणं पेटवायला शिकवण्यापेक्षा अवघड गेलं. शेवटी त्यांनीच वहीत तिच्या नावापुढे ‘निवृत्त’ लिहिलं. कुणाकडे बघून, ते सांगत नाही.

मग निम्मी पोरं गावी गेली. मेअखेर चौघं उरली.

ऑगस्टमध्ये मंडळाला सजावटीसाठी बत्त्या हव्या होत्या. टाकीला भोक पाडून वायर काढायची, आत बल्ब. चौघांनी मंडळासमोर जाऊन सांगितलं की तिन्ही देणार नाही, तिसरी घ्या, ती तशीही पेटत नाही. तोडगा उत्तम होता आणि मंडळानं तो मानलाही. सजावटवाल्यानं मात्र रात्री येऊन पोत्यातली त्यातल्या त्यात चकचकीत बत्ती उचलली. ती दुसरी होती. सकाळी आम्ही पाहिलं तेव्हा जर्मन पितळात बोटभर भोक होतं.

मी संतापलो. कॉलेजच्या मुलीनं माझ्या हातून बत्ती घेतली, उलटी करून पाहिली आणि विचारलं, “हिचा बर्नर तर ठीक आहे ना?” दुपारपर्यंत दुसरीचा निपल, पिन आणि पंप डब्यात सुटे ठेवले होते, चिठ्ठ्या लावून. दोन मेलेल्या बत्त्यांवर एक जिवंत ठेवायची, असा त्यांचा हिशोब. दुसरीची टाकी दहा दिवस गणपतीपुढे एलईडीनं छान दिसली, हे मला कबूल करावं लागेल.

चाळ अजून उभी आहे. करार झाला म्हणजे चाळ रिकामी होते असं गिरगावात कुणी मानत नाही. अनंतचतुर्दशी झाल्यावर मी आठवडाभर पुण्याला लेकीकडे गेलो होतो. परत आलो तेव्हा सेक्रेटरींनी वही हातात दिली. शेवटची नोंद माझ्या माघारी झालेली, सातवीतल्या मुलीच्या (आता ती आठवीत आहे) अक्षरात:

‘बत्ती १. रविवार, सात दहा. हजर: आम्ही तिघे, आजी, सेक्रेटरी काका. मी फक्त लिहितेय. स्पिरिट दोन वाट्या. पंप ३५. ज्योत पिवळी आली, मालवली. पाच मिनिटं थांबलो. निपल बदलला, दुसरीचा घातला. स्पिरिट परत दोन वाट्या. पंप ३५. पांढरी. सात एकावन्नला मालवली. वाळू दोन बादल्या, वापरली नाही.’